रात्रीचे सहाशे बुश: बार फीडरवर सीएनसी लेथ माणसाविना चालवण्याची तयारी

थर्ड शिफ्टला माणूस मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, आणि मशीनचा हप्ता मात्र चोवीस तासांचा चालू असतो. म्हणून भोसरी असो, अंबड असो की शिरोली, लहान वर्कशॉपवाल्यांच्या बोलण्यात बार फीडर, म्हणजे लेथला आपोआप बार पुरवणारं यंत्र, निघतोच. फीडर विकत घेऊन बसवणं हा त्यातला सोपा भाग. बसवल्यावर पहिल्याच रात्री साडेअकराला मशीन उभं राहतं, कारण पार्टिंगची (तयार जॉब बारपासून कापून वेगळा करणाऱ्या टूलची) टिप तुटलेली असते किंवा चिपचा, म्हणजे कापताना निघणाऱ्या धातूच्या सालीचा, गोळा ड्रिलला गुंडाळलेला असतो. फीडर फक्त बार पुढे ढकलतो. ऑपरेटर मात्र दिवसभर हुकने चिप ओढतो, आवाज बदलला की टिप फिरवतो, दहा जॉबमागे एक मोजून ऑफसेटला (टूलच्या जागेची कंट्रोलमधली दुरुस्ती) दोन-तीन मायक्रॉन देतो. ही कामं तो इतक्या सवयीने करतो की प्रोसेस शीटवर ती कुठेच लिहिलेली नसतात. रात्री ती करायला कुणी नसतं.

म्हणून सुरुवात या न लिहिलेल्या कामांची यादी करण्यापासून करा. एक दिवस मशीनशेजारी उभं राहून ऑपरेटरने दार किती वेळा उघडलं आणि कशासाठी, एवढंच टिपा. त्या यादीतली प्रत्येक ओळ एकतर कायमची संपवायची, नाहीतर ती वेळ आली की मशीन आपोआप थांबेल अशी व्यवस्था करायची.

हिशोबासाठी एक जॉब

समजा, कॉलरचा बुश आहे, म्हणजे एका टोकाला रुंद कडा असलेली नळी. माल ईएन८ (मध्यम कार्बनचं पोलाद), ब्राइट म्हणजे गुळगुळीत बार, ३२ मिमी. कॉलर ३० मिमी व्यास, ४ मिमी जाड. बॉडी २४ एच८ (लहान एच), म्हणजे २३.९६७ ते २४.०००. भोक १४ एच७ (मोठा एच), म्हणजे १४.००० ते १४.०१८. एकूण लांबी २२ मिमी. पार्टिंगची टिप २.५ मिमी रुंद आणि फेसिंगला ०.५ मिमी, म्हणजे एका जॉबला बार जातो २५ मिमी. सायकल टाइम ४८ सेकंद. रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तासांत कागदावर ६०० नग.

जॉब निवडताना लोभ नको. पहिला रात्रीचा जॉब असा घ्या की पार्टिंगची बाजू जशी येईल तशी ड्रॉइंगला चालते, कॉलरच्या बाजूचं भोकाचं चॅम्फर (तिरकी कापलेली कड) दिवसा दुसऱ्या सेटिंगला मारता येतं आणि सर्वांत घट्ट टॉलरन्स पंधरा मायक्रॉनच्या खाली नाही. स्टेनलेस ३०४ ने सुरुवात करू नका. त्याची चिप तुटत नाही. पितळ आणि ईएन१ए (सहज कापलं जाणारं पोलाद) सर्वांत सोपे, ईएन८ मधलं.

बार आधी बघा

काळा, म्हणजे गरम लाटलेला बार रात्री चालणार नाही. त्यावरची खपली कॉलेटमध्ये (बार धरणाऱ्या पकडीत) साचते, व्यास कमी-जास्त असतो, आणि कधीतरी बार कॉलेटमध्ये सरकून जॉब आखूड निघतो. ब्राइट बारच घ्या आणि तोही सरळ आहे का ते तपासा. एक मीटर अंतरावर दोन व्ही-ब्लॉक, मध्ये डायल, बार हाताने फिरवायचा. डायलची सुई जेवढी हलते त्याच्या निम्मा बारचा बाक. मीटरला अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बाक असेल तर निर्धास्त चालवा. एक मिमी असेल तर आरपीएम उतरवावा लागेल. त्यापुढचा बार दिवसाच्या शिफ्टला ठेवा.

बारच्या पुढच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचं चॅम्फर हवं, नाहीतर तो कॉलेटच्या तोंडाशी अडकतो. बारचं हे कापीव टोक पुढे एक त्रास देतं: नव्या बारचा पहिला जॉब नेहमीच्या ०.५ मिमी फेसिंगने साफ होत नाही. तिरक्या टोकावर ड्रिल उतरलं तर ते सरकतं आणि भोक बाहेर जातं. त्यासाठी नव्या बारचा वेगळा सब-प्रोग्रॅम लिहा. बार ३ मिमी जास्त बाहेर काढा, दोन पासात फेसिंग करा, मगच ड्रिल. फीडरकडून 'बार बदलला' हा सिग्नल येतो, त्यावर हा सब-प्रोग्रॅम उचलायचा. हा प्रकार विसरला की दर बारमागे एक रिजेक्शन ठरलेलंच, आणि सोबत एखादं कार्बाइड ड्रिल.

स्पिंडलमधला (बार फिरवणाऱ्या पोकळ दांड्यातला) लायनर, म्हणजे बारला आधार देणारी नळी, बारपेक्षा एक ते दोन मिलिमीटरच मोठा हवा. ३२ च्या बारला ३३ किंवा ३४ चा. मोठ्या लायनरमध्ये बार आतल्या आत आपटतो, मशीन थरथरतं आणि फिनिशवर लाटा दिसतात. दुकानदार टिपचा दोष सांगतो, सेटर होल्डरचा. आधी लायनर बघा.

तीन मीटरचा फीडर की छोटा

मोठा फीडर अख्खा तीन मीटरचा बार तेलात फिरवतो. मागे साडेतीन-चार मीटर जागा लागते, आणि आपल्या बहुतेक शेडमध्ये तिथे दुसरं मशीन किंवा भिंत असते. छोट्या फीडरला स्पिंडलच्या लांबीचा, साधारण एक मीटरचा बार लागतो.

हिशोब असा. तीन मीटरच्या बारमधून शेवटचा १५० मिमी तुकडा सोडला तर २८५० भागिले २५, म्हणजे ११४ नग. ६०० नगांना सहा बार. एक मीटरच्या बारला ९० मिमी तुकडा सोडला तर ३६ नग, म्हणजे सतरा बार. ट्रेवर ३२ मिमीचे सतरा बार शेजारी मावायला किमान ५४४ मिमी रुंदी हवी, हे ऑर्डर देण्याआधी मोजा. तुकड्यांचा तोटा मोठ्या फीडरला रात्रीला ९०० मिमी, छोट्याला १५३० मिमी. ३२ चा बार मीटरला ६.३ किलो, म्हणजे फरक चार किलोंचा. वर बार कापायचे आणि चॅम्फर करायचे श्रम. तरी जागा नसेल तर छोटाच घ्या. छोट्यामध्ये बार पूर्ण स्पिंडलच्या आत असतो, त्यामुळे बाक असलेला बारही तो जास्त सहन करतो.

चकात धरायचे फोर्जिंग-कास्टिंग जॉब असतील तर फीडर उपयोगाचा नाही. तिथे जॉब उचलून ठेवणारी गँट्री किंवा रोबो लागतो, आणि व्हीएमसीला (उभ्या मिलिंग मशीनला) जॉब बांधायचं पॅलेट. लंडनच्या मोलिन्स कंपनीने १९६० च्या दशकात 'सिस्टिम २४' काढली, तिच्यातही दिवसा माणसांनी जॉब पॅलेटवर बांधायचे आणि रात्री मशीनने एकट्याने कापायचे असाच बेत होता. खाली चिप, टूल आणि थांबण्याबद्दल जे आहे ते त्यांनाही तसंच लागू.

चिप

एका जॉबचा २५ मिमी बार म्हणजे १५८ ग्रॅम, तयार बुश साधारण ६० ग्रॅम. उरलेले ९८ ग्रॅम चिप. ६०० नगांना ५९ किलो. ही चिप तुटकी, स्वल्पविरामाच्या आकाराची असेल तर एका ट्रॉलीत मावते. लांब सुटली तर त्याच वजनाला कितीतरी पट जागा लागते, आणि ट्रॉलीत पोचण्याआधीच ती टरेटला (टूल धरणाऱ्या फिरत्या चकतीला), कॅचरला (जॉब झेलणाऱ्या भांड्याला), दाराच्या वायपरला गुंडाळते.

चिप कुठे तुटत नाही ते टूलप्रमाणे बघा. रफिंगला (पहिल्या जाड कापाला) सीएनएमजी १२०४०८ टिप, म्हणजे ०.८ मिमी नोझ (टोकाची गोलाई), मीडियम ब्रेकर (चिप तोडणारी खाच), खोली २ मिमी, फीड फेऱ्याला ०.२२ मिमी, असं असेल तर ईएन८ची चिप नीट तुटते. फसगत फिनिशिंगला होते. फिनिशला ०.१५ मिमी ठेवून ०.८ नोझची टिप लावली की चिप ब्रेकरपर्यंत पोचतच नाही, केसासारखी सुटते. फिनिशला ०.४ नोझ, फिनिशिंग ब्रेकर, बाजूला ०.३ मिमी माल आणि ०.१२ च्या आसपास फीड ठेवा. माल कमी ठेवला की फिनिश चांगला येतो, ही सवय रात्रीच्या कामात सोडावी लागते.

ड्रिलिंगची गोष्ट वेगळी. बारवर काम करताना भोक आंधळं असतं, कारण पुढचा बार भरीव आहे. चिप तळाशी बसते आणि मागून आलेला रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं टूल) तिला भिंतीवर घासत नेतो. भोकाला उभी रेघ पडते. उपाय: १३.७ चं ड्रिल पूर्ण व्यासाने २९ मिमी खोल न्या आणि रीमर २६ मिमीवर थांबवा. चिपला तळाशी तीन मिमी जागा मिळते. शक्य असेल तर ड्रिल कूलंट-होलचं घ्या. आणि ड्रिल ते रीमरच्या मध्ये टरेट फिरताना कूलंट बंद करू नका, तो धारेने भोक धुतो.

कन्व्हेअर सतत चालवू नका. थांबून थांबून चालवला तर चिपवरचं कूलंट टाकीत परत गळतं. मात्र कन्व्हेअर जाम होऊन ट्रिप झाला तर मशीननेही थांबायला हवं. बऱ्याच मशीनवर ही साखळी जोडलेलीच नसते. कन्व्हेअर मुकाट थांबतो आणि सकाळी बेड चिपने गच्च भरलेला मिळतो. हाताने ट्रिप पाडून बघा.

टूल किती नग टिकतं

'टिप साधारण चारशे नग जाते' या वाक्यावर रात्र काढता येत नाही. दिवसा पाच कोऱ्या कडा चालवा, प्रत्येकीवर दर दहावा जॉब मोजा आणि कुठल्या नगाला माप अर्ध्या टॉलरन्सएवढं सरकलं किंवा फिनिश गेला ते लिहा. समजा रफिंगचे आकडे आले ४२०, ३९०, ४५०, ३१०, ४३०. सरासरी विसरा. सर्वांत कमी ३१०, त्याचे सत्तर टक्के २१७. रात्रीची मर्यादा ही.

आता ६०० नगांना रफिंगच्या तीन टिपा लागतात आणि आठ स्टेशनच्या टरेटवर जागा नाही. इथे स्पीड कमी करायचा. स्पीड आणि टिपचं आयुष्य जोडणाऱ्या टेलरच्या सूत्राप्रमाणे कार्बाइडला घातांक साधारण ०.२५ धरला तर स्पीड दहा टक्के उतरवला की टिपचं आयुष्य दीडपट होतं, वीस टक्के उतरवला तर जवळजवळ अडीचपट. मिनिटाला १८० मीटरचा स्पीड १६२ करा. २१७ चे ३२५ झाले, दोन टिपांत ६५०. रफिंगचं प्रत्यक्ष कटिंग जेमतेम सहा-सात सेकंदांचं, त्यामुळे सायकल टाइममध्ये सेकंदभराचाही फरक पडत नाही. सुटलेला सेकंद दिवसा ऑपरेटर वाचवत असतो. रात्री त्याला किंमत नाही. फक्त फार खाली जाऊ नका. ईएन८ला स्पीड खूप उतरला की टिपच्या टोकावर माल चिकटतो आणि टिप झिजण्याऐवजी तुकडा उडून जाते. नव्या स्पीडला पाच कडांची चाचणी पुन्हा घ्या. सूत्र फक्त दिशा दाखवतं.

टरेट असा भरतो: १ स्टॉपर, २ ड्रिल, ३ रीमर, ४ आणि ५ रफिंगची जोडी, ६ आणि ७ फिनिशिंगची जोडी, ८ पार्टिंग. भोक बोरिंग बारने न काढता रीमरने काढण्याचं कारण हेच. बोरिंगची टिप झिजली की भोक बदलतं, एक्स अक्ष गरम झाला की भोक बदलतं, आणि तिची जोडी ठेवायला स्टेशनही नाही. रीमरचं माप मशीनच्या तापमानावर अवलंबून नाही.

पार्टिंग एकटीच आहे. समजा तिचा सर्वांत कमी आकडा ५२०. सत्तर टक्के ३६४. म्हणजे रात्री दहाला सुरू केलेलं मशीन पहाटे तीनच्या आधी थांबलं. स्पीड दहा टक्के उतरवून ५४६ मिळतात, आणि मशीन सव्वापाचच्या सुमारास थांबतं. उरलेल्या ५४ नगांसाठी टरेटची फेरमांडणी करू नका. ५४६ घ्या आणि पुढच्या कामाला लागा. रात्रीचा खरा आकडा सर्वांत कमकुवत टूल ठरवतं, सायकल टाइम नाही.

कंट्रोलला टूल लाइफ मॅनेजमेंटचा ऑप्शन असेल तर ४-५ आणि ६-७ चे ग्रुप करून मर्यादा भरा. नसेल तर फानुक कंट्रोलवर #५०० च्या पुढचे व्हेरिएबल वापरा. वीज गेली तरी त्यांतला आकडा राहतो. दर जॉबला #५०१ मध्ये एक मिळवा, ३२५ ओलांडले की दुसऱ्या टूलवर उडी. दुसरं टूल दिवसा कापून, मापून, ऑफसेट पक्का करूनच ठेवायचं. न तपासलेलं जोडटूल रात्री दोनला पहिल्यांदा कापायला लागलं की उरलेली पेटी रिजेक्शनची.

पार्टिंग आणि थांबणं

रात्रीच्या मोठ्या अपघातांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: पार्टिंगची टिप तुटते, जॉब कापला जात नाही, फीडर बार पुढे ढकलतो, आणि तयार बुश तोंडाला लटकलेला असताना ड्रिल रॅपिडने येतं. टिप स्वस्त असते, पण टरेटची अलाइनमेंट गेली की आठवडा जातो.

पार्टिंग ब्लेड जेवढं कमी बाहेर तेवढं चांगलं. इथे ३० व्यासापासून १४ च्या भोकापर्यंत आठ मिमी खोल जायचंय, तर ब्लेड दहा-अकरा मिमीच बाहेर ठेवा. फीड ०.०८ ते ०.१, शेवटच्या मिलिमीटरला निम्मा. टिपची उंची सेंटरला मिलिमीटरच्या दहा शतांशाच्या आत. आणि जी५० या कोडने २५०० आरपीएमची मर्यादा, नाहीतर व्यास कमी होईल तसा जी९६ (कापण्याचा वेग कायम ठेवणारा कोड) स्पिंडल चढवत नेतो.

एवढं करूनही टिप कधीतरी तुटणारच, म्हणून जॉब पडल्याची खात्री करणारा सेन्सर लावा. फोटो सेन्सर नको, कूलंटचे शिंतोडे बसले की आंधळा होतो. कॅचरच्या घसरगुंडीवर बिजागरीची एक पत्र्याची झडप करा आणि तिच्यामागे इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की कळवणारा). बुश पडला की झडप हलते, सिग्नल मिळतो. पार्टिंगनंतर तीन सेकंदांत सिग्नल आला नाही तर अलार्म. वायर तुटली तरी सिग्नल येणार नाही आणि मशीन थांबेल, हवं तेच. लॅडरमधलं (मशीनच्या आतल्या कंट्रोल लॉजिकमधलं) काम मशीन कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरकडून करून घ्या, एम-कोड प्रत्येक मशीनचे वेगळे असतात.

मॅक्रोमध्ये (व्हेरिएबल वापरून लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये) थांबवताना #३००० आणि #३००६ यांत गल्लत होते. #३००६ ने मेसेज येतो आणि सायकल स्टार्ट दाबलं की प्रोग्रॅम पुढे चालतो. #३००० हा खरा अलार्म, रीसेट केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रात्रीसाठी #३०००. आणि त्या ओळीच्या आधी टूल मागे घेऊन एम०५ (स्पिंडल बंद), एम०९ (कूलंट बंद) लिहा. मॅक्रो अलार्मने अक्ष थांबतात, स्पिंडल आणि कूलंट पंप थांबतीलच असं नाही. ते लॅडरवर ठरतं. सकाळपर्यंत रिकामा फिरणारा स्पिंडल आणि तापलेली टाकी बऱ्याच जणांनी अशीच बघितली आहे.

नगांची मर्यादा #३९०१ आणि #३९०२ वर बांधा: झालेले नग आणि हवे असलेले नग. ५४६ ला मशीन स्वतःहून थांबलं पाहिजे, बार उरला असला तरी.

माप आणि रात्रीचा गारवा

थंडीत पुण्या-नाशिककडे दुपारी तीस अंश आणि पहाटे दहा-बारा अंश असतात. २४ मिमीचा बुश स्वतः एवढ्याने जेमतेम पाच मायक्रॉन बदलतो. खरा फरक मशीनचा असतो. बंद मशीन सुरू केलं की पहिल्या तासात हेडस्टॉक (स्पिंडल बसवलेला भाग) तापून व्यासात दहा-वीस मायक्रॉन सहज सरकतात. म्हणून सेकंड शिफ्ट संपल्यावर मशीन बंद करून, जेवून येऊन रात्रीचं सुरू करू नका. गरम मशीनवर सेटिंग पक्कं करा आणि तसंच पुढे चालू ठेवा. शेडचं मागचं शटर रात्रभर उघडं असेल तर बंद करा. वारा थेट मशीनवर येणं हे तापमानापेक्षा वाईट.

टिप झिजली की बाहेरचा व्यास वाढतो, म्हणून सुरुवात मध्यावर करू नका. २३.९७५ ला सुरू करा म्हणजे २३.९९२ पर्यंत जायला जागा राहते. दिवसाच्या चाचणीत दर शंभर नगांना तीन मायक्रॉन वाढ सातत्याने दिसत असेल तर मॅक्रोत दर शंभराला जी१० ने (ऑफसेट बदलणाऱ्या कोडने) त्या टूलच्या वेअर ऑफसेटला यू-०.००३ द्या. आलेख वेडावाकडा असेल तर देऊ नका. तिथे झीज नसून तापमान किंवा कॉलेटचा खेळ असतो. मशीनवर माप घेणारा प्रोब असेल तर छान, पण प्रोब नाही म्हणून अडत नाही. एच८ ला तरी नाही.

कूलंट, हवा, वीज

कूलंटची तीव्रता संध्याकाळी रिफ्रॅक्टोमीटरने बघा. रीमर आहे म्हणून आठ टक्क्यांच्या आसपास ठेवा, आणि मीटरवरच्या आकड्याला तेल कंपनीने दिलेल्या गुणकाने गुणायला विसरू नका. टाकी काठोकाठ भरा. रात्रीत बाष्पीभवन आणि चिपबरोबर जाणारं मिळून पातळी उतरते, पंप हवा ओढतो आणि ड्रिल कोरडं जळतं. तळाला फ्लोट स्विच लावून अलार्मला जोडा.

कॉलेट हायड्रॉलिकवर असेल तर त्याचा प्रेशर स्विच आणि हवेचा प्रेशर स्विच खरंच चालतो का, ते व्हॉल्व्ह बंद करून बघा. कॉम्प्रेसरचं पाणी रात्री जाण्याआधी सोडा.

वीज जाणारच. व्होल्टेज हलत असेल तर सर्व्हो स्टॅबिलायझर हवा, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मशीन बंद करणारा) तर हवाच. वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. सकाळी टूल हँडल मोडवर बाहेर काढा, अर्धवट जॉब फेकून द्या, आणि फेसिंगपासून नव्याने सुरुवात करा.

मोबाइलवर मेसेज देणारं जीएसएम मॉड्यूल स्वस्तात मिळतं. ते टॉवर लॅम्पच्या लाल दिव्याला जोडण्याची चूक सर्रास होते. वीज गेली तर लाल दिवा लागणारच नाही आणि मेसेज येणार नाही. हिरव्या दिव्याच्या रिलेला जोडा: हिरवा दोन मिनिटांहून जास्त विझला की मेसेज. मॉड्यूलला स्वतःची बॅटरी हवी.

एकाच डब्यात सहाशे नग नकोत

सगळे बुश एका क्रेटमध्ये पडले आणि सकाळी एक खराब सापडला, तर ५४६ मोजायला लागतात. गिअर मोटरवर फिरणारी एक चकती करा, तिच्यावर बारा डबे, आणि दर पन्नास नगांना एम-कोडने एक घर पुढे. डब्याच्या तळाला रबर, नाहीतर बुश एकमेकांवर आपटून कडा दबतात. सकाळी प्रत्येक डब्यातले दोन-दोन मोजले की बिघाड कुठल्या पन्नासात सुरू झाला ते कळतं. मात्र हे हळूहळू सरकणाऱ्या मापाला लागू. चिप गुंडाळून ओरखडा पडला असेल तर तो मध्येच दोन नगांवर येतो आणि जातो. फिनिशसाठी सगळे नजरेखालून घालावे लागतात.

आग आणि वॉचमन

निव्वळ कटिंग ऑइलवर चालणारं मशीन आपोआप चालणाऱ्या अग्निशमन सिस्टिमशिवाय एकटं सोडू नका. बोथट टिप, लाल चिप आणि तेलाची वाफ एवढं पुरतं. पाण्यात मिसळणाऱ्या कूलंटला हा धोका फार कमी, पण तेलकट चिंध्या मशीनजवळ ठेवू नका. मॅग्नेशियम आणि टायटॅनियम रात्री माणसाविना कापू नका.

दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास केलेला असेल तर रात्रीचा विचार करण्याआधी तो पूर्ववत करा. वॉचमनला एकच शिकवा: जळका वास, धूर किंवा विचित्र आवाज आला तर लाल बटण आणि फोन. सायकल स्टार्टला त्याने हात लावायचा नाही, कितीही सोपं दिसलं तरी.

जेवणाच्या सुट्टीपासून सुरुवात

पहिली परीक्षा दुपारच्या अर्ध्या तासाची. ऑपरेटर जेवायला जातो, मशीन चालू राहतं. सलग पाच दिवस दार न उघडता अर्धा तास निघाला की दोन तास. त्यात एकदाही हुक लागला तर मोजणी पुन्हा एकपासून. मग सेकंड शिफ्टनंतर मध्यरात्रीपर्यंत, कुणीतरी ऑफिसमध्ये बसून, पण मशीनला हात न लावता. मग पूर्ण रात्र. पहिल्या काही आठवड्यांत मशीन मध्येच थांबेल. दोनला थांबलं तरी तीनशे नग झालेले असतात, आणि थांबण्याचं कारण स्क्रीनवर लिहिलेलं असतं. ते कारण वहीत तारखेसह उतरवा. महिन्याभरात दोन-तीनच कारणं पुन्हा पुन्हा दिसतील. त्यांवर काम करा, बाकीची सोडा.

रात्री निघण्याआधीचा क्रम असा ठेवा: साडेनऊला रफिंग, फिनिशिंग आणि पार्टिंगच्या कोऱ्या कडा, जोडटुलांसह. प्रत्येक जोडीने तीन-तीन जॉब कापून माप. काउंटर शून्य. चिपची ट्रॉली रिकामी, टाकी भरलेली, ट्रेवर बार मोजून. झडपेला हात लावून सिग्नल दिसतो का ते बघायचं. मोबाइलवर चाचणीचा मेसेज. मग दहा जॉब दारासमोर उभं राहून बघायचे आणि दहावा मोजायचा.

सकाळी आल्यावर रीसेट दाबण्याची घाई होते. आधी स्क्रीनचा फोटो काढा: अलार्म, ब्लॉक नंबर, काउंटर, स्पिंडल लोड. मग दार उघडून चिप कुठे साचली आहे त्याचा फोटो. त्यानंतर शेवटचा डबा वेगळा ठेवा, त्यातला शेवटचा बुश मोजा, आणि काढलेल्या टिपा भिंगाखाली बघून डबीवर नगांचा आकडा लिहा.